नाडीचें कोडें सोडविणारा वैद्य : सर जेम्स मॅकेंझी

विद्यार्थिमित्रहो, घरांत कोणी आजारी पडलें व डॉक्टर अथवा वैद्यबोवा आले, म्हणजे ते प्रथम काय करितात हें तुम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. ते रोग्याचें मनगट हातांत घेतात, आंगठ्याच्या मुळाशीं बोटें टेकवितात आणि क्षणभर स्तब्ध बसतात. आपल्या देशांत नाडीपरीक्षेची विद्या फार जुनी आहे. नाडीवरून रोग्याची सगळी हकीकत सांगणाऱ्या निष्णात वैद्यांच्या गोष्टी आपण आजीआजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत. परंतु नाडी जेव्हां आपला ताल सोडून भलतीच चालूं लागते, तेव्हां आंत हृदयांत काय घडत असतें, हें कोडें पूर्वेकडे काय किंवा पश्चिमेकडे काय, शेंकडों वर्षें कोणास उलगडलें नव्हतें. तें उलगडण्याच्या कामीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, तो कोणी राजवैद्य नव्हता, कीं एखाद्या मोठ्या विद्यापीठाचा अध्यापकहि नव्हता. गिरणीकामगारांच्या एका धुरकट गांवांत घरोघर फिरून रोगी तपासणारा तो एक साधा डॉक्टर होता. त्याचें चरित्र आज तुम्हांस सांगण्याचें योजिलें आहे.

सन १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, हें तुम्हीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलें आहे. त्याच्या चारच दिवस आधीं, म्हणजे १२ एप्रिल रोजीं, स्कॉटलंड देशांत पर्थ शहराजवळील स्कोन या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं जेम्स मॅकेंझी याचा जन्म झाला. घरची स्थिति बेताची, परंतु वळण कडक व धर्मशील होतें. जेम्स पर्थ येथील शाळेंत जाऊं लागला. तेथें त्याची गणना हुशार मुलांत होत नसे. त्या काळीं पाठ करून जसेंच्या तसें म्हणून दाखवील तो विद्यार्थी चांगला, असा समज होता, आणि पाठांतर हेंच तर जेम्सला साधत नसे. कोणतीहि गोष्ट कां होते हें कळल्यावांचून ती त्याच्या मनांत ठरत नसे. ज्या मुलांना पाठांतर जड जातें, त्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें शाळा सोडली आणि पर्थमध्येंच एका औषधविक्या केमिस्टाच्या दुकानांत उमेदवारी धरली. औषधें कुटावीं, मोजावीं, बाटल्यांत भरावीं, असें काम त्यानें कांहीं वर्षें केलें. तें करतां करतां त्याच्या मनांत येऊं लागलें कीं, ही औषधें ज्यांच्या पोटांत जातात, त्या माणसांचें पुढें काय होतें? पुढें चांगल्या मिळकतीची संधि चालून आली असतांहि ती त्यानें नाकारली व वयाच्या विशीनंतर एडिंबरो येथील विद्यापीठांत वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला. सन १८७८ मध्यें तो पदवीधर झाला, कांहीं काळ तेथील मोठ्या इस्पितळांत राहिला आणि १८७९ सालीं इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांतील बर्नली या गांवीं दोघां डॉक्टरांच्या हाताखालीं रुजू झाला.

बर्नली म्हणजे कापडाच्या गिरण्यांचें व कोळशाच्या खाणींचें गांव. पहांटेपासून रात्रींपर्यंत रोग्यांची रीघ असे. इतक्या घाईंत संशोधन तें काय होणार, असें कोणासहि वाटेल. डॉक्टर मॅकेंझी यांनाहि आरंभीं तसेंच वाटलें असेल. परंतु एका प्रसंगानें त्यांच्या आयुष्यास वळण लावलें. एक तरुण स्त्री प्रसूतीसाठीं त्यांच्या देखरेखीखालीं होती. सर्व कांहीं ठीक आहे अशा समजुतींत ते असतां प्रसूतीच्या वेळीं तिच्या हृदयानें एकाएकीं दगा दिला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती मरण पावली. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनें ईश्वरेच्छा म्हणून उसासा टाकला असता व पुढील घरीं गेला असता. मॅकेंझी यांना तसें करवेना. हिच्या हृदयाची ही दशा आपणांस आधीं कां कळली नाहीं? आधीं कळली असती, तर ही वांचली असती काय? त्यांनीं पुस्तकें चाळलीं, तों असें दिसून आलें कीं, या प्रश्नाचें खरें उत्तर कोणत्याच पुस्तकांत नाहीं. हृदयाचा आवाज जरा वेगळा आला, किंवा नाडीचा एखादा ठोका चुकला, कीं सगळेच डॉक्टर मान हालवीत. पण त्यांतील कोणता रोगी दगावेल व कोणता पुढें चाळीस वर्षें सुखानें जगेल, हें कोणीच सांगूं शकत नव्हता.

मग त्यांनीं एक निश्चय केला. प्रत्येक रोग्याची हृदयाची स्थिति टिपून ठेवावयाची, आणि तोच रोगी पुढें पांच, दहा, वीस वर्षांनीं कसा आहे हें पाहावयाचें. इस्पितळांतल्या मोठ्या डॉक्टरांना हें साधत नसे. त्यांच्याकडे रोगी येई तो रोग विकोपास गेल्यावर, आणि बरा झाला किंवा मेला म्हणजे दृष्टीआड होई. गांवच्या डॉक्टरास मात्र तींच माणसें वर्षानुवर्षें भेटतात. जी स्थिति इतरांना उणीव वाटत होती, तिलाच मॅकेंझी यांनीं आपलें भांडवल केलें.

परंतु बोटांची स्मृति किती दिवस टिकणार? म्हणून नाडीचा ठोका कागदावर उमटविणारें एक लहानसें यंत्र त्यांनीं हातीं घेतलें. तें मनगटावर बांधलें म्हणजे काजळी धरलेल्या कागदावर ठोक्यांची वरखालीं रेषा निघे. त्यांत त्यांनीं एक मोठी सुधारणा केली. आपल्या हृदयाचे चार कप्पे आहेत. वरचे दोन त्या कर्णिका व खालचे दोन त्या जवनिका. वरच्या कप्प्यांनीं रक्त खालीं ढकलावयाचें व खालच्यांनीं तें अंगभर खेळवावयाचें, असा क्रम आहे. मनगटावरची नाडी केवळ खालच्या कप्प्याचें काम सांगते. वरचा कप्पा काय करीत आहे, हें कसें कळावें? मॅकेंझी यांनीं पाहिलें कीं, उजवी कर्णिका आकुंचन पावली म्हणजे मानेंतील मोठ्या शिरेंत एक बारीकशी लहर वर उठते. तेव्हां एक वाटी मानेच्या शिरेवर व एक गादी मनगटावर ठेवून दोहोंच्या रेषा एकाच कागदावर, एकीखालीं एक, अशा त्यांनीं काढल्या. पुढें बर्नलीजवळच्या पॅडिहॅम गांवांतील शॉ नांवाच्या एका घड्याळजीच्या मदतीनें काजळीऐवजीं शाईनें लांब पट्टीवर लिहिणारें यंत्र त्यांनीं तयार करविलें. त्यास पॉलिग्राफ असें नांव आहे. आपल्याकडे १८९४ सालीं डॉक्टर वॉनलेस यांनीं मिरजेस इस्पितळ उघडलें, त्या काळांत तिकडे हा गृहस्थ दिवसभर रोगी पाहून रात्रीं दिव्यापाशीं या रेषा वाचीत बसलेला असे.

या रेषांनीं पहिली गोष्ट सांगितली ती अशी कीं, प्रत्येक वांकडी नाडी रोगाची नसते. लहान मुलें श्वास आंत घेतात तेव्हां नाडी किंचित् जलद होते व सोडतात तेव्हां मंद होते. हा निरोगी बालपणाचाच एक धर्म आहे. पुष्कळांच्या नाडींत मधूनच एखादा ठोका वेळेआधीं पडतो व मग क्षणभर विसावा येतो. हृदय एरवीं धडधाकट असेल, तर त्यापासूनहि बहुधा भय नसतें. अशा कारणासाठीं त्या काळीं कित्येक मुलांचें खेळणें बंद करीत व कित्येक तरुणांना जन्माचे रोगी ठरवून अंथरुणास खिळवीत. त्या निष्कारण भयांतून मॅकेंझी यांनीं असंख्य माणसांस सोडविलें. रोग ओळखणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच रोग नाहीं हें ठामपणें सांगणेंहि महत्त्वाचें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

दुसरी गोष्ट याहून खोल होती. कांहीं रोग्यांची नाडी अशी चाले कीं, तिच्यांत कोणताच ताल राहत नसे. एक ठोका मोठा, एक लहान, एक लगेच, एक उशिरां; जणू ढोलकी एखाद्या अजाण पोराच्या हातीं दिली आहे. अशी एक स्त्री मॅकेंझी यांच्या पाहण्यांत १८८० सालापासून होती. तिला सांध्यांचा ज्वर, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात तो, येऊन गेला होता व त्यानें हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. अनेक वर्षें तिच्या मानेंत कर्णिकेची लहर स्पष्ट दिसे. परंतु १८९८ च्या सुमारास तिची प्रकृति एकाएकीं ढांसळली, नाडी पार अनियमित झाली, आणि पाहतात तों मानेंतील ती लहर नाहींशी झालेली! वरच्या कप्प्यानें आपलें काम सोडून दिलें होतें. सतत अठरा वर्षें एकाच माणसाकडे लक्ष ठेवल्यावांचून हा फरक कोणाच्या नजरेस आला असता?

मात्र कर्णिकेनें काम सोडलें म्हणजे नेमकें काय केलें, याविषयीं मॅकेंझी यांचा तर्क चुकला. प्रथम त्यांना वाटलें, ती लुळी पडली. पुढें वाटलें, ठोक्याचा उगम आपली जागा सोडून दुसरीकडे गेला. खरें उत्तर निघालें तें दुसऱ्या एका यंत्रांतून. जावा बेटांत जन्मलेले डच शास्त्रज्ञ आइंथोवेन यांनीं हृदयांतून उठणारी सूक्ष्म वीज टिपणारें यंत्र शोधून काढलें होतें. आज आपण ज्यास ई.सी.जी. म्हणतों, त्याचें मूळ तेंच. त्याच्या साह्यानें १९०९ सालीं लंडनचे तरुण डॉक्टर टॉमस लुइस यांनीं, व त्याच वर्षीं व्हिएन्ना येथील दोघां शास्त्रज्ञांनीं, दाखवून दिलें कीं कर्णिका लुळी पडलेली नसते, ती थरथरत असते. मिनिटाला साडेतीनशें ते सहाशें इतक्या बेबंद लहरी तिच्यांत उसळत असतात. त्यामुळें ती नीट आकुंचन पावत नाहीं, आणि खालच्या जवनिकेस हुकूम पोहोंचतात ते वेडेवांकडे. या विकारास एट्रियल फिब्रिलेशन असें नांव आहे. हे लुइस मॅकेंझी यांच्याच प्रेरणेनें या अभ्यासास लागले होते. आपल्याहून अठ्ठावीस वर्षांनीं लहान असलेल्या माणसानें आपली चूक दाखविली, याचा विषाद न मानतां मॅकेंझी यांनीं तें सत्य म्हणून स्वीकारलें. विद्वत्ता पुष्कळांपाशीं असते. हा मोठेपणा थोड्यांपाशीं असतो.

उपचाराच्या बाबतींतहि त्यांनीं असेंच डोळस काम केलें. फॉक्सग्लव्ह नांवाच्या एका फुलझाडाच्या पानांपासून डिजिटॅलिस हें औषध होतें. विदरिंग या इंग्रज डॉक्टरनें खेडेगांवांतील एका म्हातारीच्या झाडपाल्यांतून तें ओळखलें व दहा वर्षें पारखून १७८५ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. परंतु त्यानंतर शंभर वर्षें डॉक्टर तें हृदयाच्या हरएक दुखण्यास सरसकट देत. कोणास गुण येई, कोणास अपाय होई. मॅकेंझी यांनीं नोंदींवरून दाखविलें कीं, याचा खरा गुण दिसतो तो मुख्यत्वें या थरथरणाऱ्या हृदयाच्या रोग्यांत. तेथें तें खालच्या कप्प्याची धांव आवरतें व त्यास रक्तानें भरावयास उसंत देतें. मात्रा जरा जास्त झाली तर तेंच औषध विष ठरतें, हेंहि त्यांनीं बजावलें. औषधाचें नांव ठाऊक असणें निराळें व तें कोणास, केव्हां, किती द्यावयाचें हें ठाऊक असणें निराळें.

सन १९०२ मध्यें नाडीवरचा त्यांचा ग्रंथ व १९०८ मध्यें हृदयरोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीं १९०७ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, बर्नलीचा चांगला चाललेला धंदा सोडून ते लंडनला गेले. एका गिरणगांवच्या डॉक्टरानें राजधानींतील पंडितांस हृदयविद्या शिकवावी, हें आरंभीं कित्येकांस रुचलें नाहीं. पण खऱ्या कामाची पारख व्हावयास फार वेळ लागला नाहीं. सन १९१३ मध्यें लंडन हॉस्पिटलांत हृदयरोगांचा विभाग त्यांच्या हातीं आला, १९१५ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, व त्याच वर्षीं त्यांना सर ही पदवी मिळाली. कीर्तीच्या शिखरावर असतां १९१८ सालीं त्यांनीं लंडनहि सोडलें व स्कॉटलंडांत सेंट अँड्रूज येथें एक संस्था काढली. रोग पूर्ण वाढण्याआधीं त्याचीं पहिलीं चिन्हें गांवच्या डॉक्टरांनीं कशीं टिपावीं, हा तिचा हेतु होता. बर्नलीच्या त्या तरुण स्त्रीचा प्रश्न त्यांनीं चाळीस वर्षांनंतरहि सोडला नव्हता.

शेवटीं हृदयरोगानें खुद्द त्यांनाच गांठलें. छातींत कळा येऊं लागल्या. त्यांनीं आपल्या दुखण्याचीहि शांतपणें नोंद ठेविली आणि त्या विकारावर १९२३ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत, नांव न देतां, इतर रोग्यांमध्यें आपलीहि हकीकत घातली. २६ जानेवारी १९२५ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. मरणानंतर आपलें हृदय तपासून पाहावें, अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांच्या मित्रांनीं पूर्ण केली, आणि तें हृदय सेंट अँड्रूज येथें अभ्यासासाठीं ठेवण्यांत आलें. पवित्र शास्त्रांत संत लूक यास प्रिय वैद्य म्हटलें आहे. मॅकेंझी यांच्या चरित्रकारानें आपल्या ग्रंथास तेंच नांव दिलें, तें यथार्थ होय.

आतां या चरित्राचा आपणांशीं संबंध काय तो पालकांसाठीं सांगतों. मॅकेंझी यांच्या काळीं या विकाराचें सर्वांत मोठें संकट टाळण्याचा उपाय नव्हता. कर्णिका नुसती थरथरत राहिली म्हणजे तिच्या कोपऱ्यांत रक्त सांचतें, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगाचा झटका येतो. या रोग्यांस हें भय इतरांच्या सुमारें पांचपट असतें. आज रक्त गोठूं न देणारीं औषधें आहेत. नाडीची धांव आवरणारीं औषधें आहेत. विजेचा नियंत्रित धक्का देऊन ताल पूर्ववत् करतां येतो. बारीक नळी शिरेंतून हृदयापर्यंत नेऊन बिघाडाचीं ठिकाणें निकामी करण्याची क्रियाहि होते. ती कोठें करावी हें १९९८ सालीं फ्रान्समधील डॉक्टरांनीं दाखविलें. परंतु हे सर्व उपाय रोग ओळखला तरच उपयोगी. कित्येकांस कांहींच त्रास जाणवत नाहीं. कोणास धडधड, कोणास दम, कोणास नुसता थकवा. म्हणून घरांतील वडील माणसांच्या मनगटावर अधूनमधून मिनिटभर बोटें ठेवावीं. ताल विस्कटलेला वाटला तर डॉक्टरांकडून ई.सी.जी. काढून घ्यावा. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असल्यास तें आपल्या मनानें बंद करूं नये. आणि चेहरा एकाएकीं वांकडा झाला, हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळलें, तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ इस्पितळ गांठावें.

वाढलेला रक्तदाब हें या विकाराचें एक मोठें कारण आहे. त्यावर आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं पन्नास रोग्यांवर मोजून पाहिला व १९४९ सालीं इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. आज त्याहून चांगलीं औषधें निघालीं असलीं, तरी जुन्या मुळीस मोजमापाच्या कसोटीवर घासण्याची ती रीति विदरिंग व मॅकेंझी यांचीच होती.

दुसरें कारण आपल्या मुलांशीं निगडित आहे. बर्नलीच्या त्या स्त्रीला झालेला सांध्यांचा ज्वर इंग्लंडांतून जवळजवळ गेला. आपल्या देशांतून तो अजून गेलेला नाहीं. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांस तो विशेषें होतो. आरंभ साध्या घसादुखीनें होतो. दोनतीन आठवड्यांनीं ताप येतो व गुडघे, घोटे, कोपरे असे सांधे एकामागून एक सुजतात. सूज उतरते, पण हृदयाची झडप कायमची बिघडूं शकते. वेळींच पेनिसिलिन दिलें तर हें टळतें, व एकदां ज्वर झालेल्या मुलास ठराविक दिवसांनीं तेंच इंजेक्शन वर्षानुवर्षें दिल्यास पुढील हानि रोखतां येते. मुलाचा घसा दुखून ताप आला तर त्याकडे दुर्लक्ष करूं नका, आणि इंजेक्शनाची तारीख चुकवूं नका, एवढीच विनंति आहे.

विद्यार्थिमित्रहो, मॅकेंझी यांच्यापाशीं आरंभीं धन नव्हतें, कीर्ति नव्हती, पाठांतरहि नव्हतें. एक मरण त्यांनीं पाहिलें व तें विसरण्याचें नाकारलें. बाकी सर्व त्यांतून निघालें. तुमच्याहि आयुष्यांत असा एखादा प्रश्न तुमच्या दाराशीं येईल. त्यास तुम्हीं परत पाठवूं नये, इतकेंच या चरित्रापासून घेण्यासारखें आहे.